नोंदवहीतले सहा दिवस

४ मे, सोमवार

आले एकदाची! एक पिशवी, एक उशी, दोन पुस्तकं आणि आईनं बळंच कोंबलेला स्वेटर, तोही या उकाड्यात. दादानं फाटकापर्यंत सोडलं आणि लांबूनच हात हलवला, कारण आत फक्त कामावरच्या माणसांना सोडतात. आता महिनाभर ही शाळा म्हणजेच घर. साथीमुळे मुलं घरी बसली आणि त्यांच्या बाकांवर आम्ही.

आमचा वर्ग तिसरी ब. भिंतीवर पाढे, फळ्याच्या वर कागदाचा सूर्य, त्याचा एक डोळा निखळलेला. बाक इतके बुटके की बसलं की गुडघे हनुवटीला लागतात. प्रत्येक बाकावर एक फोन आणि फोनवर छोटी खिडकी, तिच्यात समोरच्याचा नंबर दिसतो.

काम सोपं आहे. घरात एकटे अडकलेल्या लोकांना रोज ठरल्या वेळी फोन करायचा. औषधपाण्याचं बघायला दुसरी माणसं आहेत, आमच्याकडे फक्त मन. पाच प्रश्न विचारायचे: झोप कशी लागली, जेवलात का, कुणाशी बोललात का, कशाची भीती वाटते का, आणि आज काय केलंत. पाचव्याचं उत्तर नोंदवहीत त्या माणसाच्याच शब्दांत उतरवायचं, पदरचं काही घालायचं नाही. आणि फोन आपण आधी ठेवायचा नाही. हे दोन नियम मोठ्या बाईंनी तीनतीनदा सांगितले. मोठ्या बाई म्हणजे याच शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका आणि आता आमच्या प्रमुख. आवाज अजून वर्ग घेत असल्यासारखाच. त्या बोलायला लागल्या की मी नकळत हाताची घडी घालते.

माझी निवड आवाजावर झाली. अकरा वर्षं बसस्थानकावर सूचना देत होते. गाडी रद्द झाली हेसुद्धा मी असं सांगायचे की लोक आभार मानून घरी जायचे, असं आमचे स्थानकप्रमुख म्हणत. गाड्याच बंद झाल्या आणि माझा आवाज बेकार झाला. आई म्हणते, तुझ्या आवाजात मध आहे, पण हाडात आळस. आईचं काय मनावर घ्यायचं!

ही चित्रकलेची कोरी वहीसुद्धा बाईंनीच दिली. दिवसभर दुसऱ्यांचं ऐकून आपलं मन काठोकाठ भरतं, ते कुठंतरी रितं करावं लागतं, म्हणून प्रत्येकानं रोज लिहायचं असं त्यांचं म्हणणं. ही वही कुणी वाचणार नाही. म्हणजे इथं खरं लिहायला हरकत नाही.

६ मे, बुधवार

माझ्या यादीत एकतीस माणसं आहेत. कुणी रडतं, कुणी सरकारला शिव्या घालतं. एक बाई मला त्यांच्या मांजराशी बोलायला लावतात. पण सांगण्यासारखे आहेत ते घड्याळजी काका. वय अठ्ठ्याहत्तर, घरात एकटेच, बायको गेलेली, लेक परमुलखात.

त्यांना फोन करायची वेळ चार वाजून दहा मिनिटं, आणि ती त्यांनी स्वतः मागून घेतली आहे. दुरुस्तीला आलेली सदतीस घड्याळं त्यांच्या घरात पडून आहेत, न्यायला कुणी येऊ शकत नाही. चार वाजले हे त्या सगळ्यांना पटायला दहा मिनिटं लागतात, तोवर ठणठणाटात काही ऐकू येत नाही, असं ते म्हणाले. मी इतकी मोठ्यानं हसले की बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

तिसऱ्याच वाक्याला त्यांनी मला ओळखलं. विचारलं, तुम्ही बसस्थानकावरच्या ना. मग सगळं सांगितलं. त्यांच्या बायकोची नोकरी दुसऱ्या गावी. बावीस वर्षं ती दर शनिवारी गाडीनं यायची, चार नंबरच्या फलाटावर, आणि गाडी कधी म्हणून वेळेवर आली नाही. शेवटची काही वर्षं ती उशिराची सूचना माझ्याच आवाजात असायची. ते म्हणाले, माझ्या संसाराचे निदान चारशे तास तुम्ही खाल्लेत, आता भरपाई करा. भरपाई काय, तर फोन ठेवण्यापूर्वी एक सूचना द्यायची.

मग मी घसा खाकरून, अगदी स्थानकावरच्या थाटात सांगितलं की चार नंबरच्या फलाटावर येणारी गाडी वेळेवर आहे. मागं घड्याळांची टिकटिक तेवढी ऐकू येत होती. मग काका म्हणाले, आयुष्यात पहिल्यांदा. आणि त्यांनी फोन ठेवला.

आज मला फार बरं वाटलं. आपला आवाज कुणाच्या तरी उपयोगी पडला.

९ मे, शनिवार

बाई रोज संध्याकाळी एक चांगली नोंद सगळ्यांसमोर वाचून दाखवतात. तीन दिवसांत दोनदा माझी वाचली. माझ्या शेजारच्या बाकावर पोहायला शिकवणारी एक मुलगी आहे. तलाव बंद म्हणून ती इथं आली, आम्ही तिला मासोळी म्हणतो. तिच्या नोंदी म्हणजे "ठीक", "ठीक", "ठीक". तिनं मला विचारलं, तुझीच माणसं एवढी गोड कशी बोलतात. मी खांदे उडवले, पण आतून गुदगुल्या झाल्या, खोटं कशाला सांगू.

नव्याचे नऊ दिवस असतात म्हणे, माझे सहाच भरले. घड्याळजी काका चाळीस चाळीस मिनिटं सोडत नाहीत. तीच बायको, तीच गाडी, तोच फलाट. लेकीशी काहीतरी बिनसलंय, फोन आधी कुणी करायचा यावर दोघं अडून बसलेत. आधी तिनं करावा, आधी त्यांनी करावा, असं चाललंय आणि मधल्या मध्ये माझा चहा निवतो. पुढच्या लोकांना उशीर होतो तो वेगळाच. शिवाय रोज शेवटी ती सूचना! लहान मुलाला तीच गोष्ट पुन्हा सांगावी तसं झालंय.

असं लिहिताना थोडं चुकचुकल्यासारखं वाटलं. पण वही रितं करायलाच दिली आहे ना?

१२ मे, मंगळवार

मासोळीचा वाढदिवस. स्वयंपाक्यानं कुठून कोण जाणे केक पैदा केला. चार वाजता सगळे चित्रकलेच्या वर्गात जमले. बाईंनी स्वतः मेणबत्ती लावली आणि फुंकर न मारता वहीनं वारा घालून विझवायला लावली, साथीत फुंकर नको म्हणून. हसून हसून पोट दुखलं. किती दिवसांनी माणसांमध्ये हसले.

घड्याळजी काकांचा फोन राहिला. आता सव्वापाचला केला तर सहा वाजतील, म्हणून आजच्यापुरती नोंद मीच लिहिली. झोप: बरी लागली. जेवण: झालं. बोललो: तुमच्याशी. भीती: नाही. आणि आज काय केलंत, त्याखाली: "खिडकीतल्या कुंडीला पाणी घातलं. एक चिमणी आली होती. थोडा वेळ बसली."

एका दिवसानं काय बिघडतंय? उद्या दोन सूचना देईन.

१३ मे, बुधवार

बाईंनी काल संध्याकाळी वाचली ती नोंद नेमकी तीच. चिमणीची! म्हणाल्या, एकटा म्हातारा माणूस आणि चिमणी, याला म्हणतात ऐकणं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मान खाली घातली, आणि त्यांना वाटलं मी लाजले.

आज चार वाजून दहा मिनिटांनी फोन उचलला आणि परत ठेवला. काका म्हणणार, काल का नाही केलात. ते बोलणं शेजारी मासोळीच्या कानावर जाणार. चोराच्या मनात चांदणं! पुन्हा नोंद लिहिली: "जुनी पत्रं वाचली. हसू आलं." उद्या नक्की करते. सकाळी, कुणी नसताना.

१५ मे, शुक्रवार

नाही केला. काल नाही, आज नाही. जितके दिवस जातात तितकं अवघड होत जातं. कालच्या नोंदीत घाईनं "कुंडीला पाणी पाणी घातलं" असं दोनदा लिहिलं गेलं, तेही तसंच राहू दिलं.

मासोळीच्या मागे आज एका आजींनी फोनवर तासभर भुणभुण लावली होती. ती रडकुंडीला आली. मी तिला समजावलं की एखादा दिवस फोन न करता लिहिलं तरी चालतं, फक्त "ठीक" लिहू नकोस, काहीतरी छोटंसं खरं वाटेल असं लिही. कुंडी, चहा, खिडकी. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि तिला सगळं कळलं. तिनं मान डोलावली. शिकवणीचं पुण्य म्हणतात ते हेच काय?

जनाची नाही तरी मनाची लाज असावी म्हणतात. आहे. नुसती असून काय उपयोग?

१८ मे, सोमवार

घड्याळजी काका गेले.

सामान पोचवणाऱ्या माणसानं कळवलं. दारात दोन पिशव्या तशाच होत्या. दार उघडून आत गेले तर काका खुर्चीत, फोनजवळ. डॉक्टर म्हणाले, पाच-सहा दिवस झाले असावेत.

बाईंनी नोंदवही उघडली. सतरा तारखेपर्यंत नोंदी आहेत, माझ्या अक्षरात. बाई डॉक्टरांना फोनवर म्हणाल्या, उकाड्यामुळं तुमचा अंदाज चुकतोय, काल दुपारी ते आमच्या मुलीशी बोललेत. डॉक्टर दिवसाला किती घरं बघतात, थकलेले होते. त्यांनी वाद घातला नाही. सतरा तारीख लिहिली गेली. मी तिथंच उभी होते. एक शब्द बोलले असते तर!

बाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणाल्या, तुझ्यामुळं तो माणूस शेवटपर्यंत माणसांत राहिला.

बारा तारखेला मी एक गोष्ट इथं लिहिली नव्हती. कुणी वाचणार नव्हतं तरी नव्हती लिहिली. आम्ही केक कापत होतो तेव्हा तिसरी ब मध्ये माझा फोन वाजत होता. मी बाकापर्यंत गेले. खिडकीत काकांचा नंबर होता. मला वाटलं, म्हाताऱ्याला पाच मिनिटं दम नाही. मी परत केकपाशी गेले. फोन बराच वेळ वाजला. मग थांबला. मग परत वाजला.

१९ मे, मंगळवार

काकांच्या लेकीचा फोन आला. रस्ते बंद, तिला येता येत नाही. बाईंनी तिला आधीच सांगून ठेवलं होतं की वडिलांचे शेवटचे सहा दिवस आमच्याकडे त्यांच्याच शब्दांत आहेत. तिला ते ऐकायचे होते. बाई समोर बसल्या. मी वाचलं. माझ्या त्या मधाच्या आवाजात सगळंच्या सगळं वाचलं.

तिला नवल वाटलं. म्हणाली, बाबांनी आयुष्यात कधी कुंडी ठेवली नाही, त्यांना मातीचा कंटाळा. मग म्हणाली, म्हणजे शेवटी शेवटी बदलले, बरं झालं.

मग तिनं विचारलं की चौदा तारखेला दुपारी ते कुठं बाहेर गेले होते का. त्या दिवशी तिनं हट्ट सोडून त्यांना तीनदा फोन केला होता. त्यांनी उचलला नाही. तिला वाटलं होतं की तब्येत बिघडली असेल. पण तुमच्याशी तर ते त्याच दुपारी छान बोलले, ती म्हणाली, म्हणजे मलाच टाळलं. आणि विचारलं, माझ्याबद्दल काही म्हणाले का.

बाई माझ्याकडे बघत होत्या. मी म्हणाले की नाही, तसं काही म्हणाले नाहीत.

ती रडली नाही. आभार मानले आणि फोन ठेवला. मला कुणी भर चौकात जोड्यानं मारलं असतं तरी इतकं वाटलं नसतं.

२० मे, बुधवार

यादीतलं त्यांचं नाव काल खोडलं. चार वाजून दहा मिनिटांनी मी दुसऱ्या कुणाचा फोन लावत होते, तेवढ्यात माझाच वाजला. खिडकीत काकांचा नंबर. त्यांचं घर तर कुलूप लावून सील केलेलं आहे.

उचलला. आवाज त्यांचाच. म्हणाले, झोप बरी लागली. जेवण झालं. बोललो तुमच्याशी. भीती नाही. खिडकीतल्या कुंडीला पाणी घातलं. एक चिमणी आली होती. थोडा वेळ बसली.

मग गप्प. मी काय काय विचारलं ते आठवत नाही. त्यांनी एकाचंही उत्तर दिलं नाही. आणि मागं टिकटिक नव्हती. सदतीस घड्याळांच्या घरात एकाचीही नाही. मी कान लावून ऐकत राहिले आणि मग लक्षात आलं की मी नोंदीत घड्याळं लिहिलीच नव्हती.

फोन त्यांनी ठेवला नाही. नियमाप्रमाणे मीही ठेवला नाही. चाळीस मिनिटांनी आपोआप बंद झाला.

२१ मे, गुरुवार

जुनी पत्रं वाचली, हसू आलं. एवढंच. आवाज त्यांचा, पण बोलण्याची चाल माझी. शब्दाच्या शेवटी जरा वर चढणारी, स्थानकावरची.

कुणीतरी थट्टा करतंय, दुसरं काय! मासोळी करत असेल. तिला माहीत आहे.

२२ मे, शुक्रवार

थट्टा नाही. आज म्हणाले, कुंडीला पाणी पाणी घातलं. दोनदा. ती चूक मी आणि नोंदवही सोडून कुणाला माहीत नाही.

मी फोन मासोळीच्या कानाला लावला. तिनं ऐकलं आणि म्हणाली की बरे आहेत की आजोबा. मी म्हटलं, ते गेले. ती म्हणाली, कुणी दुसरे असतील, यादीत एवढे म्हातारे. आणि तिनं स्वतःच्या वहीत लिहिलं: ठीक.

मला कळलंय ते असं. मी त्यांना सहा दिवस दिले, जे त्यांचे नव्हते. आता ते त्यांना काढावे लागताहेत. तिथं बायको नाही, गाडी नाही, घड्याळं नाहीत. एक कुंडी, एक चिमणी. माझ्यासारख्या आळशी बाईनं दोन मिनिटांत लिहिलेलं घर, आणि त्यात तो माणूस.

२४ मे, रविवार

लेकीचा पुन्हा फोन. तिला चौदा तारखेची नोंद परत ऐकायची होती. झोप लागत नाही, जेवण जात नाही. माझ्याच पाच प्रश्नांची उत्तरं ती न विचारता देत होती. मला समजून घ्यायचंय, म्हणाली, की मी असं काय केलं होतं.

एक वाक्य सांगायचं होतं. तुम्ही काही केलं नाही, तेव्हा ते नव्हतेच. एवढंच. मी नोंद वाचून दाखवली.

नंतर बाईंकडे गेले. म्हणाले, मला काही सांगायचंय. आणि रडूच फुटलं. बाईंनी पाणी दिलं, तू फार मनाला लावून घेतेस म्हणाल्या, आणि वर कळवलंय म्हणाल्या, तुझी नोंदवही सगळ्या केंद्रांना नमुना म्हणून दाखवणार आहेत. मी पाणी प्यायले आणि परत आले.

आईचा फोन होता. कशी आहेस, तिनं विचारलं. मी म्हणाले, छान.

२६ मे, मंगळवार

नोंदी काल संपल्या. सहा दिवस, सहा फोन.

आजही वाजला. चार-दहा. ते काही बोलले नाहीत. बोलायला काही नाही त्यांच्याकडे — मी लिहिलेलं नाही. नुसता श्वास. वाट बघताहेत. मी पुढचा दिवस लिहावा म्हणून, की मागचे खोडावेत म्हणून — कळत नाही.

मी सूचना दिली. चार नंबरच्या फलाटावर येणारी गाडी — आवाज फाटला. तो चालला नाही. ती भरपाई बारा तारखेलाच द्यायची होती.

नोंदवही उघडली. सहा नोंदी खोडून खाली खरं लिहायचं. पेन टेकवलं. बाई आत आल्या — पेन खाली ठेवलं. माझ्या हातानं. कुणी धरला नव्हता.

२७ मे, बुधवार

ताप. घसा. बाईंनी लगेच वेगळं ठेवलं. चित्रकलेच्या वर्गात एकटी, दाराला बाहेरून कडी, चौदा दिवस. कोपऱ्यात वाढदिवसाची जळकी मेणबत्ती अजून पडली आहे.

बाई दाराबाहेरून म्हणाल्या की काळजी करू नकोस, तुझंही नाव यादीत घातलंय, रोज एक फोन येईल, पाच प्रश्न. वेळ मोकळी होती ती दिली, चार वाजून दहा. मासोळी करेल.

२८ मे, गुरुवार

चार-दहा. फोन नाही.

पाच. नाही. व्हरांड्यातून हसण्याचा आवाज येत होता. त्यांना माझा राग नाही. मला पाच मिनिटं दम नाही, एवढंच वाटलं असेल —

२९ मे, शुक्रवार

नाही आला.

स्वयंपाक्यानं ताट दाराखालून सरकवलं. दाराआडून विचारलं, नोंदवहीत माझं काय लिहिलंय. तो म्हणाला, बाईंनी काल वाचून दाखवलं की. झोप बरी लागली, जेवण झालं, खडूनं फळ्यावर झाड काढलं. टाळ्या वाजवल्या सगळ्यांनी.

मी झाड काढलं नाही —

आता मागं पाहिलं. फळ्यावर झाड आहे. बोटं खडूनं पांढरी.

३० मे, शनिवार

लेकीला मीच फोन लावला. ठरवून. वाक्य पाठ केलं होतं. तिनं उचलला. मी म्हणाले, झोप बरी लागली. जेवण झालं. फळ्यावर झाड —

माझा आवाज. गोड. मी थांबवू शकले नाही. ती म्हणाली, बरं वाटलं ऐकून, तुम्ही तरी सांभाळा स्वतःला.

निरोप लिहून पाठवायला गेले. बोटांनी तेच लिहिलं. दादाला. आईला. तेच. आईनं उलट कळवलं, शहाणी ग माझी बाय.

आता कळलं. ते चाळीस मिनिटं का गप्प असायचे. गप्प नव्हते. ओरडत असतील —

३१ मे, रविवार

ही वही तेवढी राहिली. हिच्यात अजून माझे शब्द निघतात, आज तरी. बाहेर चार वाजताहेत. दहा मिनिटं आहेत. मग मासोळी आजची नोंद लिहील. त्याआधी पान फाडून दाराखालून सरकवायचं. स्वयंपाकी काकांच्या लेकीला फोनवर वाचून दाखवेल. एवढं झालं की माझं काही होवो —

ताई, मी तुमची गुन्हेगार आहे. लाजेनं गप्प बसले. बारा तारखेला तुमच्या बाबांनी मला दोनदा फोन केला. मी उचलला नाही. पुढचे सहा दिवस मी

झोप बरी लागली. जेवण झालं

नाही. नाही. पुन्हा —

ताई, चौदा तारखेला तुमचे बाबा तुमच्यावर रागावले नव्हते. त्यांनी तुम्हाला टाळलं नाही. त्या दुपारी ते खुर्चीत, फोनजवळ, ते तेव्हा ते त्या दुपारी कुंडीला पाणी पाणी घालत होते, चिमणी आली हो